परभाषेचा वारा

मधुबेन गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं तपासत बसले होते. ‘आमच्या’ हा शब्द लिहिताना हात अडखळतो... कारण पुस्तकावर नाव एकटीचं आहे, माझं. फोनवर त्यांची भाची जागृती होती. फोई, म्हणजे तिची आत्या, तीन दिवसांपूर्वी जेवून जरा आडवी झाली ती उठलीच नाही, सगळं आटोपलं, डायरीत तुमचा नंबर सापडला म्हणून कळवते, असं तिने सांगितलं. मग तिने विचारलं, पूर्वी तुम्ही दोघी मिळून काही काम करत होता ना? मी ‘हो’ म्हटलं. कसलं काम, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फोन ठेवला तर समोर प्रस्तावनेचं पहिलं पान. त्या पानावर माझं एक वाक्य आहे, पुढे ते येईलच. तीसेक वर्षं लोक ते माझ्या नावाने उद्धृत करत आले आहेत. त्या दिवशी मला ते वाचवेना. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांनी ‘जुन्या सहकारी म्हणून चार शब्द लिहा’ असं म्हटलं, तेव्हा मी आधी नाही म्हणाले होते.

मधुकांता भणसाळी हे त्यांचं पूर्ण नाव. आजोबा कच्छमधून मुंबईत आले, तेव्हापासून कुटुंब फणसवाडीत. त्या गिरगावातल्या एका कॉलेजात मराठी शिकवायच्या. गुजराती बाई मराठी शिकवते याचं आम्हा मुलींना पहिले आठ दिवस कौतुक वाटलं, नवव्या दिवशी आम्ही विसरून गेलो, इतकी त्यांची मराठी घरची होती. फक्त आकडे तेवढे गुजरातीत. जिना चढताना त्या पायऱ्या मोजायच्या, एक, बे, त्रण... आणि आपण मोजतोय हे त्यांच्या ध्यानात नसायचं. मी डिलाईल रोडच्या चाळीतून येत असे. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, घरी मालवणी. कॉलेजात मी घोटून घोटून शुद्ध बोलायचे आणि घरचं बोलणं जिन्याखाली ठेवून वर जायचे. एकदा वर्गात त्यांनी प्रत्येकीला विचारलं, तुमच्या घरी काय गातात? कुणी अभंग म्हटला, कुणी भूपाळी. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे कुणी गात नाही. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि म्हणाल्या, “मूल वाढवलेली बाई गात नाही असं होत नाही. आईला विचारून ये.” मी विचारलं नाहीच. शेवटी त्याच एका रविवारी आमच्या चाळीत आल्या, आईसमोर फरशीवर मांडी घालून बसल्या आणि वही उघडली.

तिथून पुढची दोन वर्षं आठवड्यातल्या दोन दुपारी आम्ही लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळी पायांखाली घातल्या. बायकांची गाणी गोळा करायची, एवढंच काम. पहिली पाळी करून आलेल्या बायका निवडण-टिपण करत बसलेल्या असत. त्यांच्याजवळ बसायचं, तांदळातले खडे काढू लागायचं आणि हळूच विषय काढायचा. आईचं एक अंगाईगीत होतं. त्यातली आई बाळाला सांगते, मी येईपर्यंत तू माड मोज, शेवटचा माड मोजलास की मी दारात. ते ती म्हणत असताना आमच्या शेजारची लक्ष्मम्मा दाराशी येऊन उभी राहिली. लक्ष्मम्मा विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी, गिरणीत सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात कामाला. आई थांबली तशी तिने तिच्या भाषेत तीच चाल धरली. मधुबेननी अर्थ विचारला. तिच्या गाण्यात माड नव्हते, धागे होते. मागावरचे धागे मोज, एक तुटेल तेव्हा मी दारात. आई जरा चिडलीच. म्हणाली, “अगो बाय, ह्यां तर आमचां गाणां. हिका खयसून गावलां?” लक्ष्मम्मा तितक्याच ठामपणे म्हणाली, “मेरी माँ का है. तू किधर से लिया?” दोघी एका मोरीवर भांडी घासणाऱ्या, दहा वर्षांच्या शेजारणी, आणि तो रविवार गाणं कुणाचं यावर भांडत गेला. मधुबेन हसत होत्या आणि लिहीत होत्या.

त्यांची खरी गंमत यापुढे सुरू व्हायची. घरी जाऊन त्यांनी आपल्या मासीला, म्हणजे मावशीला, ते गाणं ऐकवलं. मासी झांझिबारमध्ये नांदून, विधवा होऊन परत आलेली. ती म्हणाली, हे तर आमच्याकडेही आहे, फक्त आम्ही गलबतांची शिडं मोजायला सांगतो, आणि तिच्या कच्छीत तिकडचे आफ्रिकी शब्द मिसळलेले होते. मग मधुबेननी एका मासिकात पत्र छापलं. सहा महिन्यांनी मॉरिशसहून एका शाळामास्तरांचं उत्तर आलं. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर गेलेले. त्यांच्या मराठीत काना-मात्रा कुठेही पडलेले, मधूनच परके शब्द, पण गाणं तेच, बाळाने मोजायचं ते उसाच्या ओळी. ते पत्र मधुबेननी मला कॉलेजच्या जिन्यावर उभं राहून वाचून दाखवलं. वहीत त्यांनी चार उभे रकाने आखले होते. एका गाण्याचं मराठी रूप एका रकान्यात, शेजारी तेलुगू, शेजारी गुजराती-कच्छी, आणि शेवटचा रकाना समुद्रापलीकडून आलेल्यांचा. मी एकदा विचारलं होतं की आपण मराठीचा अभ्यास करतोय, तर बाकीचे रकाने कशाला? त्या म्हणाल्या, “कुमुद, घराची कौलं घरात बसून दिसत नाहीत. थोडं बाहेर जाऊन उभं राहावं लागतं.” मला ते पटलं होतं. ‘पटलं होतं’ असं मुद्दाम लिहिते, म्हणजे पुढे जे केलं ते न समजून केलं असं कुणाला वाटू नये.

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं रेडिओवर सांगितलं गेलं आणि गिरणगाव पेटलं. आमच्या चाळीत कुणी घरात बसलं नाही. मीही मोर्च्यांना गेले, घोषणा दिल्या, पत्रकं चिकटवली, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. गोळीबारात आमच्या मजल्यावरचे दाजी गेले. पाळी सुटून घरी येत होते, एवढाच त्यांचा गुन्हा. दुसऱ्या दिवशी चाळीत चूल पेटली नव्हती आणि अशा वेळी मधुबेन आल्या. फणसवाडीपासून चालत आल्या होत्या, पांढऱ्या पातळाचा काठ धुळीने भरलेला. दाजींच्या बायकोजवळ जाऊन बसल्या. हळूहळू बायका उठून जाऊ लागल्या. कुणीतरी मला ऐकू जाईल इतपत म्हणालं, ही गुजरातीण इथे काय बघायला आलीय? मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसायला हवं होतं. त्याऐवजी मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, बेन, थोडे दिवस इकडे येऊ नका, तुमच्याच जिवाला... त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, “बरोबर आहे” म्हणाल्या आणि उतरल्या. त्या दिवशी त्या पायऱ्या मोजत नव्हत्या.

वहीची पक्की प्रत तेव्हा माझ्याकडे होती. माझं अक्षर वळणदार, म्हणून त्यांनी ती माझ्याकडून लिहून घेतली होती, मोठ्या ताव कागदांवर, रकान्यांसकट. दादरला एक साहित्य मंडळ होतं, त्याच्या कार्यवाहांना सगळे नाना म्हणत. मंडळाच्या कामात मी जात असे. गाण्यांबद्दल नानांच्या कानावर गेलं आणि त्यांनी कागद मागवून घेतले. वाचून ते खूश झाले. म्हणाले, हे पुस्तक आत्ता निघालं पाहिजे, मुंबईच्या चुलीशी काय बोललं जातं याचा हा पुरावा आहे. मग त्यांनी रकान्यांवर बोट ठेवलं. “तेलुगू, गुजराती, मॉरिशस... हे कशाला? समोरच्याच्या हातात आपणच काठी द्यायची?” मी विचारलं, आणि बेनचं नाव? नाना वाईट माणूस नव्हते. म्हणाले, “आज ते नाव बघून कोण पुस्तक उघडेल? तूच सांग. अर्धं काम तुझंच आहे ना?” अर्धं नव्हतं. चौथा हिस्सासुद्धा नव्हता. पण मी तेवीस वर्षांची होते, गिरणी कामगाराची मुलगी, आणि माझं नाव पुस्तकावर छापलं जाणार होतं. मी मनाला सांगितलं, दिवस निवळले की दुसऱ्या आवृत्तीत सगळं घालू.

मंडळाच्या कचेरीत बसून चार दुपारी मी ते काम केलं. कात्रीने. मराठीचा रकाना कापून घ्यायचा, कोऱ्या कागदावर डकवायचा आणि उरलेल्या तीन पट्ट्या वेताच्या टोपलीत टाकायच्या. माझ्याच अक्षरातल्या पट्ट्या. तिसऱ्या दिवशी लक्ष्मम्माचं धाग्यांचं गाणं हातात आलं. खाली मधुबेननी माझ्याकडून अर्थ लिहून घेतला होता. ते टाकवेना. सगळ्या वहीत त्या गाण्याइतकं सुंदर दुसरं काही नव्हतं. मग मी ते मराठीत बसवलं:

मोज माझ्या तान्ह्या, साच्यावरचे धागे,
एक तुटे तेव्हा, आई उभी दारामागे.

आणि खाली गाणारीचं नाव लिहिलं, माझ्या आईचं. आईच्या माडांचं गाणं मी वगळलं, दोन्ही एकसारखी वाटतील म्हणून. त्यानंतर प्रस्तावना लिहायला बसले आणि तिच्यात ते वाक्य लिहिलं: ‘ही गाणी अस्सल आहेत, परभाषेचा वारा त्यांना लागलेला नाही.’ नानांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि मान डोलावली.

प्रकाशन दादरच्या एका सभागृहात झालं. गर्दी मावेना. शाहीर होते, भाषणं होती, धाग्यांचं गाणं एका मुलीने चालीवर म्हटलं तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं डोळे पुसत होती. मधुबेन तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या होत्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं. समारंभ संपल्यावर लोक सह्यांसाठी उभे होते, त्यांत त्याही रांगेने आल्या, हातात पुस्तकाची प्रत. मी मान खाली घालूनच सही केली. त्यांनी पान उलटून गाणं काढलं, त्यावर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाल्या,

“कुमुद, लक्ष्मम्माचं नाव तरी ठेवायचं होतं.”

मी म्हटलं, “बेन, दिवस कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “माझं राहू दे. पण तिला कोण विचारणार आहे?”

मागच्या माणसाने प्रत पुढे केली आणि मी तिच्यावर सही करू लागले. मान वर केली तेव्हा त्या गेल्या होत्या.

आईला वाचता येत नव्हतं. शेजारच्या मास्तरांनी तिला पुस्तक वाचून दाखवलं. त्यात आपलं नाव आहे हे ऐकून ती आधी लाजली, मग गाणं ऐकून तिचा चेहरा उतरला. “ह्यां माझां न्हय गो,” एवढंच म्हणाली. त्याच संध्याकाळी ती लक्ष्मम्माकडे गेली आणि तिने आपल्या तोडक्या हिंदीत तिला सगळं सांगितलं. मी सांगायला हवं होतं ते आईने सांगितलं. लक्ष्मम्मा काय म्हणाली ते आईने मला कधी सांगितलं नाही. दोघींचं बोलणं तुटलं नाही, भांडी एकाच मोरीवर घासली जात होती. पण आई त्यानंतर माझ्या मुलांच्या पाळण्याशी बसली तेव्हाही गायली नाही, नुसती झोका देत राहिली. मी मधुबेनना पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, की आमच्याकडे कुणी गात नाही... ते मी खरं करून दाखवलं.

महाराष्ट्राचं राज्य झालं त्या दिवशी डिलाईल रोडवर दिवाळी होती. मी नाचले, रडलेही. मुंबई महाराष्ट्राची झाली हा माझ्या आयुष्यातला मोठा आनंद आहे आणि तो मी परत करणार नाही. त्या आनंदासाठी कात्री चालवायची गरज नव्हती, एवढंच मला आता कळतं. मला पुस्तकाच्या जोरावर नोकरी लागली, पुढे विभागप्रमुखपद आलं. धाग्यांचं गाणं शाळेच्या पुस्तकात गेलं. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा दिवस पुरते निवळले होते, कुणाच्याही हातात काठी नव्हती. मी काही घातलं नाही. तिसरीत नाही, चौथीत नाही. आता घातलं तर आधी का नव्हतं हे सांगावं लागलं असतं. मधुबेन कॉलेजात शिकवत राहिल्या. एका छोट्या गुजराती मासिकात कधीतरी त्यांचा लेख यायचा. चर्चासत्रांत भेटल्या की त्या माझ्या मुलांची नावं घेऊन चौकशी करायच्या. ते मला शिव्यांपेक्षा जड जायचं, म्हणून मी त्या असतील तिथे जाणं टाळू लागले.

दोन वर्षांपूर्वी परदेशात शिकणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती. एखाद्या देशाचं साहित्य त्याच्या एकाच भाषेत आणि एकाच सीमेत बसून वाचता येत नाही, ते शेजारच्या भाषांतून आणि बाहेर गेलेल्या माणसांतून वाचावं लागतं, असं काहीसं ती सांगत होती. तिच्या विद्यापीठात हा नवा विचार म्हणून गाजत होता. मी हे गिरगावातल्या जिन्यावर उभी राहून ऐकलं होतं, तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तिने विचारलं, तुमच्या संग्रहातल्या गाण्यांची दुसऱ्या भाषांतली रूपं तुम्हाला कधी आढळली होती का? मी तिला चहा दिला आणि सांगितलं, आता आठवत नाही.

फोन आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी फणसवाडीत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जागृतीने आदराने बसवलं. बोलता बोलता म्हणाली, फोई आणि माझे पप्पा वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, माहीत आहे ना तुम्हाला? मला माहीत नव्हतं. लढ्याच्या दिवसांत मधुबेननी एका गुजराती वर्तमानपत्रात पत्र लिहिलं होतं, स्वतःच्या नावानिशी, की मुंबई महाराष्ट्राचीच आहे आणि आपण गुजरात्यांनी ते मोकळ्या मनाने म्हणावं. वाडीत त्यांच्या दारावर डांबर फासलं गेलं. भावाने वेगळी चूल मांडायला लावली. जागृतीने सांगितलेल्या तारखेवरून मी मनात हिशेब लावला. दाजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या चालत आमच्याकडे आल्या, त्याच्या आदल्याच आठवड्यात ते पत्र छापून आलं होतं. आपल्या माणसांनी दार लावलं म्हणून त्या आमच्या दाराशी आल्या होत्या की केवळ दाजींसाठी, ते आता कळायला मार्ग नाही. मी त्यांना कधीच विचारलं नाही की बेन, तुमचं मत काय? त्यांचं नाव बघून मी ते धरून चालले होते.

मी जागृतीला सगळं सांगितलं, इथे लिहिलं तसंच, क्रमाने. ती शांतपणे ऐकत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. प्रकाशकांनाही मी कळवलं आहे. नवी आवृत्ती थांबली आहे. मधुबेनच्या मूळ वह्या जागृतीकडे शाबूत आहेत, त्यांतून चारही रकाने लावून, त्यांच्या नावाने पुस्तक निघावं असं मी म्हटलंय. प्रकाशक म्हणतात, आता कशाला बाई... बघू काय होतं ते. लक्ष्मम्मा जाऊन बारा वर्षं झाली.

निघताना जागृती म्हणाली, चहा घेऊन जा, आणि मीही तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. ओट्यावरच्या फळ्यांवर पितळेचे डबे ओळीने मांडलेले होते, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी डकवलेली. काहींवर गुजराती, काहींवर मराठी, आणि खालच्या रांगेतल्या सगळ्या डब्यांवर गोल गोल वळणाची अक्षरं. तेलुगू. जागृती म्हणाली, फोई पन्नाशीनंतर शिकली. दर गुरुवारी डिलाईल रोडला एका म्हाताऱ्या बाईकडे जायची, तिच्या नातवाकडून अक्षरं गिरवून घ्यायची, आणि घरी येऊन सराव म्हणून डब्यांवर लिहायची. ती बाई वारली तरी चिठ्ठ्या जुन्या झाल्या की नव्या लिहायची. “मला कुठे वाचता येतं,” जागृती म्हणाली, “मी अजून प्रत्येक डबा उघडून बघते.” तिने एक डबा माझ्यापुढे धरला आणि विचारलं, तुम्हाला येतं का हो?

अक्षर मधुबेनचं होतं, तेवढं ओळखू आलं. मी नाही म्हटलं. तिने झाकण काढलं. आत मेथ्या होत्या.